चिखल, तीन प्रतींत

हिरालाल शहारे यांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यावर नोकरी केली आणि या चौतीस वर्षांत बुटाला एकदाही चिखल लागू दिला नाही. फुलचूरच्या त्यांच्या घरात शिरताना तीन पायपुसणी लागतात. पहिलं फाटकाशी, दुसरं ओट्यावर, तिसरं उंबऱ्याला टेकून. तिसऱ्यापर्यंत पोचलेला पाहुणा एक तर स्वच्छ झालेला असतो किंवा आपण कशासाठी आलो होतो हे विसरलेला असतो.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, आचलनं, जूनमधल्या एका सकाळी पोहे खाता खाता जाहीर केलं की तिला पदवी चिखलात घ्यायची आहे.

यात तिचा दोष निम्माच होता. उरलेला निम्मा कॉलेजचा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या उत्साहात कॉलेजनं माहितीपुस्तिकेच्या सत्तेचाळिसाव्या पानावर छापून टाकलं होतं की ज्या विद्यार्थ्यास उपलब्ध विषयांपैकी एकही रुचत नाही, त्याने आपला मेजर, म्हणजे मुख्य विषय, स्वतः रचावा आणि समितीकडून मंजूर करून घ्यावा. सत्तेचाळिसावं पान कोणी वाचत नाही, या भरवशावर हे छापलं गेलं होतं. पण आचल लहानपणापासून औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारी मुलगी. तिनं ते वाचलं, खालची टीपही वाचली. टीप अशी होती की एकतीस जुलैपर्यंत विषय मंजूर न झाल्यास विद्यार्थ्यास जिथे जागा रिकामी असेल तिथे घालण्यात येईल. यंदा जागा एकाच ठिकाणी रिकाम्या होत्या. कार्यालयीन व्यवस्थापन. चार वर्षं फायलींना टॅग कसा बांधावा हे शिकायचं. आचलच्या बाबांनी ते न शिकता आयुष्यभर केलं होतं, आणि ते करून माणसाचं काय होतं हे ती रोज जेवणाच्या टेबलावर पाहत होती.

चिखलच का, तर तिच्याजवळ प्रश्न होते. आजी रुक्माबाई नवेगाव बांधजवळच्या गावात राहते. दर पावसाळ्यात आचल पंधरा दिवस तिच्याकडे रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जायची. एकाच पावसाचं पाणी, तर तलावाखालच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला, चिखल काळा आणि कालव्याखालचा पिवळट का? आजीच्या घराची मातीची भिंत चाळीस वर्षं उभी आहे आणि ग्रामपंचायतीची सिमेंटची भिंत दोन उन्हाळ्यांत आडवी झाली, यात चिखलाचा गुण किती आणि सरपंचाचा किती? आजीकडे चिखलाला अकरा शब्द आहेत आणि पुस्तकात एकच, तर बाकीचे दहा चिखल कुठं गेले? तिचं म्हणणं असं की यातला एक प्रश्न रसायनशास्त्राकडे जातो, एक भाषेकडे, एक इतिहासाकडे, आणि ते कोणीही एकमेकांशी बोलत नाहीत.

हिरालालजींनी पोह्यांची बशी बाजूला सारली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्याकडे पाहून, जणू साक्षीदार म्हणून, ते म्हणाले, "माझा बाप दुसऱ्याच्या बांधीत गुडघाभर चिखलात मेला. मायनं जिंदगी त्यातच घालवली. त्यातून बाहेर यायले आपल्या घराले तीन पिढ्या लागल्या, अना तू परत जाऊन राहिली? कायले?"

"तेव्हा कोणी काही विचारलं नाही बाबा. मी विचारून राहिली."

 अशा वेळी हिरालालजी उठून बुटाला पॉलिश करतात. त्या दिवशी त्यांनी दोन जोड केले.

आचलची आई अल्का सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं फक्त एक विचारलं, या पदवीवर बी.एड. करता येतं का. येतं, असं आचल म्हणाली. मग चिखल घे नाहीतर राख घे, असं म्हणून अल्काबाई ड्यूटीवर गेल्या.

इथपर्यंत गोष्ट लहान होती. मोठी झाली ती अर्जामुळे. चिखलाचा हिरालालजींना कितीही तिटकारा असला तरी अर्ज तो अर्ज. सोळा पानांचा, वर तीन परिशिष्टं. असा अर्ज घरात पडून आहे आणि तो दुसरं कोणी भरतंय, हे दृश्य त्यांना पाहवेना. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत इतका भरदार अर्ज त्यांच्या हाती आला नव्हता. त्यांनी आचलला सांगितलं की तू आजीकडे जा, रोवणे सुरू झाले, फॉर्मचं मी पाहतो. आचलनं एका कागदावर आपली योजना लिहून दिली, पहिलं पूर्ण वर्ष नुसता चिखल, पुढं हळूहळू बाकीचं, आणि ती नवेगावच्या बसमध्ये बसली. ही तिची एकमेव चूक.

पहिला प्रश्न नावाचा. 'चिखल' हा शब्द हिरालालजी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिणं शक्य नव्हतं. त्यांनी कच्च्या मसुद्यात सगळीकडे 'संबंधित पदार्थ' असं लिहिलं आणि रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर दुधराम गुरुजींना गाठलं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची तिन्ही मुलं इंजिनीअर, तिघंही पुण्याला, आणि तिघांपैकी एकही इंजिनीअरिंग करत नाही. त्यामुळे करिअर या विषयावर त्यांचा शब्द फुलचुरात शेवटचा मानतात. गुरुजींचा सिद्धांत असा की पदवीचं नाव जितकं लांब तितकी नोकरी जवळ. मुलाखत घेणारा नाव वाचता वाचता थकतो आणि पुढचं विचारत नाही. त्यांनी तिथंच चप्पल घालता घालता नाव दिलं. 'आर्द्र मृदा-जल सहअस्तित्व व्यवस्थापन आणि ग्रामीण उपयोजन.' हिरालालजींनी ते दोनदा म्हणून पाहिलं. त्यात कुठंही पाय बरबटत नव्हता.

नाव दिल्यावर गुरुजींनी विषयही दिला. शेवटच्या वर्षात स्पर्धा परीक्षेचं सामान्यज्ञान असलंच पाहिजे. नाव ज्यानं दिलं त्याला नाही कसं म्हणायचं? लिहून घेतलं.

मग बातमी पसरली. समोरच्या जमुनाबाईंचं ब्युटी पार्लर आहे. त्या म्हणाल्या, भाऊजी, लोकं चेहऱ्याले चिखल फासून घेतात, वरून थँक्यू म्हणतात. तिले फेसपॅक शिकवा, उपाशी मरणार नाही. त्या रोज संध्याकाळी अल्काबाईंना दूध गरम करून ठेवतात, त्यामुळे त्यांचंही लिहून घेतलं. कोपऱ्यावरचा कैलाश प्लॉट पाडून विकतो. तो चहाला आला आणि म्हणाला की काकाजी, चिखलाले काही किंमत नसते, किंमत त्याच्यावर मुरूम टाकल्यावर येते. तेव्हा मुरूम टाकायचं शास्त्र शिकवा. ज्या बांध्यांवर त्यानं मुरूम टाकला त्यांतल्याच एकीवर हिरालालजींचं घर उभं होतं. हेही लिहून घ्यावं लागलं. अल्काबाईंसाठी बी.एड.ला चालेल असं मराठी आलं. आणि इतक्या लोकांचं घेतल्यावर चौतीस वर्षांच्या अनुभवाचं काहीच नसणं बरं दिसेना, म्हणून हिरालालजींनी स्वतःचाही एक विषय घातला. सिंचन प्रशासन. थोडासाच.

आता क्रेडिटचा भाग. क्रेडिट म्हणजे काय हे त्यांना आधी कळेना. आचलनं फोनवर समजावलं की बाबा, चार वर्षांची आठ सत्रं, सगळी मिळून एकशे साठ क्रेडिट, एका सत्रात जास्तीत जास्त तीस टाकता येतात, आणि कोणत्या विषयाला किती द्यायचे हे आपण ठरवायचं.

"म्हणजे कोटा," हिरालालजी म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला.

कोटा वाटण्यात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. कालव्याचं पाणी सोडलं की तोंडाशी असलेला शेतकरी आधी पिऊन घेतो आणि अगदी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतो तो फक्त पाण्याचा आवाज. म्हणून खात्याचा नियम असा की पाळी टेलकडून सुरू करायची, टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. आधी शेपूट, मग मधला भाग, सर्वांत शेवटी डोकं. डोक्याची काळजी करायची नसते. डोक्याकडचा शेतकरी गेटाशेजारीच असतो, त्याला मिळतंच. या एका नियमासाठी हिरालालजींनी तीन आमदारांचे फोन कापले होते आणि एकदा मारही खाता खाता वाचले होते. आयुष्यात त्यांनी कोणत्या गोष्टीवर श्रद्धा ठेवली असेल तर ती हीच.

त्यांनी अर्जाचं शेवटचं पान उघडलं आणि आठव्या सत्रापासून क्रेडिट सोडायला सुरुवात केली. गुरुजींना शेवटचंच वर्ष हवं होतं. जमुनाबाईंना आणि कैलाशलाही, कारण शेवटी शिकलेलं लक्षात राहतं. आठव्याला तीस, सातव्याला तीस, सहाव्याला तीस. खाली उतरत उतरत ते चौथ्यापर्यंत आले. तिसऱ्या सत्रात दहा क्रेडिट घातले, ते आचलच्या चिखलाला. मग खाली पाहिलं, बेरीज एकशे साठ. बरोबर जुळली. इतकी जुळलेली बेरीज पाहिल्यावर माणूस पुढं काही पाहत नाही. पहिलं आणि दुसरं सत्र कोरडं होतं, पण ते डोकं होतं, त्याला मिळतंच.

अर्ज घेऊन ते कॉलेजात गेले. तिथं खिडकीमागे चुन्नीलाल बाबू बसतात. भला माणूस, आवाज मऊ, आणि नकार देताना तर आणखीच मऊ. त्यांनी सोळा पानं उलटवली आणि विचारलं की या विषयाचा विद्यापीठाकडून ना-अस्तित्व दाखला आणलाय का. म्हणजे असा विषय आधीपासून कुठंही नाही, हे सांगणारा दाखला. तो मिळण्यासाठी विषयाचा कोड लिहावा लागतो. कोड फक्त अस्तित्वात असलेल्या विषयालाच असतो.

"तर मग मी कोड कुठून आणू?" हिरालालजींनी विचारलं.

"वही तो बात है साहब," चुन्नीलाल अतिशय सहानुभूतीनं म्हणाले. "जो चीज है ही नहीं, उसका नंबर किधर से आएगा? और नंबर नहीं तो 'नहीं है' मैं किसको लिखूँ?"

दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. हिरालालजींच्या अंगात मात्र जुनं रक्त खेळू लागलं. ते दोन तास त्या खिडकीसमोर उभे राहिले आणि दोघांनी मिळून मार्ग काढला. बंद पडलेल्या एका अभ्यासक्रमाचा रिकामा कोड आचलला द्यायचा आणि शेऱ्यात लिहायचं की 'सदर कोडखालील विषय नाही व प्रस्तावित विषयही नाही, सबब हरकत नाही.' हे वाक्य हिरालालजींचं. चुन्नीलालनी ते वाचून पेन खाली ठेवलं आणि साहब, आप किस डिपार्टमेंट में थे, असं विचारलं. निवृत्तीनंतर मिळालेला हा पहिला सन्मान. बंद पडलेला अभ्यासक्रम बेकरीचा होता, त्यामुळे पुढले चार दिवस आचलच्या फोनवर ॲप्रनचं माप विचारणारे संदेश येत राहिले. पण कामं म्हटली की एवढं चालायचंच.

मग परिशिष्ट तीन. 'विषयाशी संबंधित नमुना (असल्यास), तीन प्रतींत, साक्षांकित.' हे ज्यानं लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा चित्रकलेचा विद्यार्थी असावा. पण हिरालालजींनी आयुष्यात 'असल्यास' हा शब्द कधी पळवाट म्हणून वापरला नव्हता. चिखल होता. म्हणजे नमुना होता. म्हणजे तीन प्रती हव्या.

सकाळच्या बसनं ते पॉलिश केलेले बूट घालून आणि स्टीलचे तीन डबे घेऊन नवेगावकडे निघाले. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कोरड्या बांधावर, उभं राहून त्यांनी आईला हाक मारली. रुक्माबाई वय झाल्यावरही रोवणा सोडत नाही, घरी बसून पाय दुखतात म्हणते. ती आचलबरोबर पाण्यात वाकली होती. तिनं मान वर करून लेकाकडे आणि डब्यांकडे पाहिलं. किती वर्षं म्हणून राहिली का ये बाबू, चार दिवस राय, तं म्हणे बूट खराब होते, असं तिनं शेजारच्या बाईला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. मग किती पाहिजे ते विचारलं.

"तीन प्रती," हिरालालजी म्हणाले. "सारख्या पाहिजे."

"चिखल सारखा नसते बाबू. हात फिरला का बदलते."

हे सरकारी कामात बसत नसल्यामुळे हिरालालजींनी ऐकलं नाही. आचलनं मात्र, हात चिखलाचे असल्यामुळे, ते तोंडानं दोनदा म्हणून पाठ करून ठेवलं.

साक्षांकनासाठी ते आपल्या जुन्या उपअभियंत्यांकडे गेले. साहेबांनी तिन्ही डबे उघडून पाहिले, झाकणं लावली आणि नियमाप्रमाणे विचारलं, मूळ प्रत कुठं आहे? हिरालालजींनी नियमाप्रमाणे उत्तर दिलं की मूळ प्रत नवेगावला बांधीत आहे, आणण्यासारखी नाही. साहेबांना हे पटलं. त्यांनी प्रत्येक झाकणावर लेबल चिकटवून 'सत्यप्रत' असा शिक्का मारला आणि सही केली. सरकारी शिक्का बसलेला तो चिखल पाहून हिरालालजींच्या मनात त्याच्याविषयी पहिल्यांदाच थोडा आदर निर्माण झाला.

डबे शुक्रवारी खिडकीत दिले. शनिवार सुट्टीचा, रविवार रविवारचा. सोमवारी आवराआवर करताना कोणीतरी झाकणं काढून डबे खिडकीच्या उन्हात ठेवले. मंगळवारी चुन्नीलालचा फोन आला. फार वाईट वाटतं साहेब, पण अर्जात 'आर्द्र' लिहिलंय आणि डब्यात तर कोरडी ढेकळं आहेत. नमुना आणि अर्ज यांत तफावत.

हिरालालजी धावत कॉलेजात गेले. त्यांनी पाण्याच्या कूलरखाली एक डबा धरला, चमच्यानं ढवळला. पातळ झाला. म्हणून दुसऱ्यातलं ढेकूळ त्यात टाकलं. मग दुसरा कमी पडला, त्यात तिसऱ्यातलं. आई म्हणाली होती ते खरं निघत होतं. तिन्ही डबे तीन वेगळ्या चिखलांचे झाले आणि तीन सारख्या प्रती करण्याच्या धडपडीत, पोरांनी भरलेल्या व्हरांड्यात, मधला डबा हातातून निसटला. चौतीस वर्षं कालव्यावर जे झालं नाही ते वॉटर कूलरपाशी झालं. दोन्ही बूट, विजारीचा काठ आणि 'सत्यप्रत' असलेलं झाकण उजव्या पायावर उलटं. एक मुलगा वाकून म्हणाला, अंकल, लेबल खराब नाही झालं. हिरालालजींनी त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार?

एकतीस जुलैला सकाळी अकरा वाजता समिती बसली. प्राचार्या मॅडम मध्ये, त्यांच्या उजव्या हाताला रसायनशास्त्राचे सर, डाव्या हाताला प्राणिशास्त्राच्या मॅडम. टेबलावर सोळा पानं आणि दोन डबे. आचल आदल्या रात्रीच्या बसनं आली होती. अर्ज पूर्ण झालेला तिनं तिथंच पहिल्यांदा पाहिला. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या हिरालालजींना ती पान उलटताना दिसत होती. तिनं पुन्हा एकदा मागून पुढं उलटून पाहिलं आणि मग अर्ज टेबलावर अगदी सरळ ठेवला. अल्काबाई खूप रागावल्या की भांडी अशी सरळ ठेवतात.

प्राचार्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला. यात पहिलं वर्ष कुठं आहे?

हिरालालजी उठून उभे राहिले. पालकांनी बोलू नये असा नियम होता, पण त्यांनी तो वाचलेला असूनही आयुष्यात पहिल्यांदा मोडला. टेलचा नियम त्यांनी पूर्ण समजावला. समितीनं तो शांतपणे ऐकला. रसायनशास्त्राच्या सरांनी तर चांगला आहे म्हटलं. मग म्हणाले, पण साहेब, पाणी शेपटाला पोचतं ते डोक्याकडूनच ना? हिनं कॉलेजात पहिल्या दिवशी येऊन बसायचं कुठं? आठव्या सत्रात?

 हिरालालजींनी मुलीकडे पाहिलं. चार वर्षं फायलींना टॅग बांधणारी आचल त्यांना स्पष्ट दिसली. विशेष म्हणजे ती टॅग अगदी नीट बांधत होती.

"वाटप दुरुस्त करतो," ते म्हणाले. "पेन मिळेल का?"

पाणी कमी पडलं की पाळ्या कापाव्या लागतात. हे काम त्यांनी पुष्कळदा केलं होतं, पण ज्यांच्या पाळ्या कापल्या ते शेतकरी त्यांचे शेजारी नव्हते. त्यांनी गुरुजींचं सामान्यज्ञान कापलं आणि पुढल्या रविवारी विहारात काय तोंड दाखवायचं याचा विचार करत रेघ जरा जास्तच लांब ओढली. जमुनाबाईंचा फेसपॅक कापला, म्हणजे उद्यापासून दूध. कैलाशचा मुरूम कापला. बी.एड.च्या मराठीपाशी पेन अडखळलं. आचलनं हळूच सांगितलं की आईचं राहू द्या. राहू दिलं.

एवढं करूनही क्रेडिट पुरेनात. ते पुन्हा पुन्हा बेरीज करत राहिले. शेवटी आचलनं बोट ठेवलं. सिंचन प्रशासन, सत्र चार ते आठ, एकूण साठ.

हिरालालजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता. प्रत्येक सत्रात थोडंसंच होतं. रात्री कालव्यात पाइप टाकणाऱ्याचंही दर वेळी म्हणणं असंच असतं. असे किती पाइप त्यांनी स्वतःच्या हातानं उपटले होते, पंचनामे लिहिले होते. हा पाइप उपटायला त्यांना जरा वेळ लागला. पण उपटला. आणि वर, शीर्षकाच्या जागी, गुरुजींच्या लांबलचक नावावर काट मारून त्यांनी आपल्या कालव्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'चिखल.'

"ठीक," प्राचार्या मॅडम म्हणाल्या. "जागा झाली. आता पहिल्या सत्रात काय शिकणार, ते हिला सांगू दे. एक प्रश्न सांग, ज्याचं उत्तर आमच्या कोणत्याही विभागात मिळणार नाही. मिळालं तर तू त्या विभागात जा."

आचल उभी राहिली. "रोवणा करणाऱ्या बायांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सोलते, चालता येत नाही. माझ्या आजीला दरवर्षी होतात. त्याच बांधीत, त्याच चिखलात बगळा दिवसभर फिरते. त्याले काऊन नाही होत?"

रसायनशास्त्राचे सर हसले आणि म्हणाले की सोपं आहे, बगळ्याच्या पायावर चिखल धरूनच राहत नाही, सगळा पृष्ठताणाचा मामला आहे. प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या की पृष्ठताण कसला, पक्ष्याच्या पायाची त्वचाच खवल्यांची असते. सर म्हणाले, मग बदकाच्या पायाचं काय? मॅडम म्हणाल्या, बदकाला होत नाही असं तुम्ही पाहिलंय का? सरांनी पाहिलं नव्हतं. मॅडमनीही नव्हतं. प्राचार्या मॅडमचं माहेर तिरोड्याकडलं, घरची धानाची शेती. त्या म्हणाल्या की तुम्ही दोघंही बांधीत उतरला नाहीत, बगळा पाय सरळ वर उचलतो, आपण ओढतो, म्हणून घासतं. तिघांनी टेबलाखाली आपापले पाय उचलून पाहिले. बारा वाजले. पुढचे दोन विद्यार्थी दारात ताटकळत होते, त्यांतला एक आत येऊन ऐकू लागला.

"बगळा रोजीनं येत नाही, मॅडम," हिरालालजी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. आपण बोललो हे त्यांनाही उशिराच कळलं.

"पोट भरलं का उडून जाते तो. माझ्या मायले संध्याकाळपर्यंत उडता येत नव्हतं."

 मग प्राचार्या मॅडमनी इतिवृत्ताची वही ओढली आणि स्वतःच लिहिलं. 'प्रश्न एक, उत्तरे चार, एकही सिद्ध नाही. यावरून सदर विषय अस्तित्वात असल्याचे दिसून येते. मंजूर.' खाली तिघांच्या सह्या झाल्या. सही करताना प्राणिशास्त्राच्या मॅडम बदकांबद्दल काहीतरी पुटपुटत होत्या.

बाहेर जिन्यापाशी आचल थांबली आणि हॉलतिकिटाच्या मागं घाईघाईनं काहीतरी लिहू लागली. हिरालालजींनी वाकून पाहिलं. तिनं चारही मतं क्रमानं लिहिली होती. मत क्रमांक चार, बाबा. त्यापुढं लिहिलं होतं, तपासायचे.

आपण चौतीस वर्षं कालव्यावर काढली, याची त्यांनी तिला आठवण करून दिली. आईचे पाय आपण लहानपणी कोमट पाण्यानं धुतले आहेत, हेही सांगितलं, आणि हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आचलनं ते ऐकलं, तेसुद्धा खाली लिहून घेतलं, पण 'तपासायचे' खोडलं नाही.

"तपासशील कशी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते नाही माहीत, बाबा."

हिरालालजी दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. एक बगळा संध्याकाळपर्यंत एका जागी उभा ठेवावा लागेल, त्याला गत्यंतर नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यासाठी परवानगी कोणत्या खात्याकडून घ्यावी लागते, हा प्रश्न त्यांनी मुलीला विचारला. तिलाही ठाऊक नव्हतं. मग दोघंही खाली न जाता, चुन्नीलालच्या खिडकीकडे वळले.